‘हा तर गोऱ्यांचा आजार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना होतो, आपल्या सावळ्या कातडीला नाही, त्वचेच्या कॅन्सरवरचा माझा लेख म्हणजे सनस्क्रीनची जाहिरात, आणि वर बायोप्सीचा (तुकडा काढून तपासण्याचा) सल्ला, म्हणजे सुरी लावून गाठ पसरवायची सोय.

सनस्क्रीनला लेखात पहिला मान द्यायला नको होता, हे कबूल. कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिनमुळे उन्हाने होणारे कॅन्सर आपल्याकडे खरंच कमी. (जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांनी आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी मात्र टोपी, पूर्ण बाही आणि एसपीएफ ३०चं सनस्क्रीन सोडू नये.) पण उन्हाशी संबंध नसलेले प्रकार उरतातच, आणि ते नेमके आपण कधी न बघणाऱ्या जागी होतात.

टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली ‘धोतराचा कॅन्सर’ नोंदवला होता. धोतर घट्ट बांधल्याने कमरेला रोज त्याच जागी काच बसतो. आधी काळपट, खरबरीत पट्टा, मग भेगा, मग न भरणारी जखम, आणि क्वचित त्यातून स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर. परकराच्या नाडीनेही हेच होतं; नाडीऐवजी रुंद पट्टा लावला आणि बांधायची जागा बदलत राहिलं की काच कमी होतो. भाजल्याचे जुने व्रण काही दशकांनी चिघळतात तेही असेच. तिथे बायोप्सी जखमेच्या मधोमध घेतली तर नुसता सडलेला थर हाती लागतो आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. तुकडा टणक, उचललेल्या कडेचा हवा, तोही दोन-तीन ठिकाणचा.

मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, सावळ्या माणसांत बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून सुरू झालेल्या मेलॅनोमाने. आपल्याकडे तळपायाचा काळा डाग भोवरी समजून ब्लेडने तासतात, वर कॉर्न कॅप चिकटवतात, महिने जातात.

नखाचं घरी बघता येतं. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून आज फोटो काढा, दोन महिन्यांनी पुन्हा काढा. डागामागे स्वच्छ नख दिसायला हवं. पट्टा मुळापासून तसाच आहे, रुंदावतोय किंवा काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरलाय, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. रुंदावणं किंवा कातडीवरचा काळेपणा आजच दिसत असेल, तर दोन महिनेही थांबू नका. बऱ्याच नखांवर वर्षानुवर्षं फिकट तपकिरी रेघा असतील तर त्या बहुतेक वेळा आपल्या रंगाचाच भाग असतात. एकाच नखावर नव्याने उमटलेली रेघ वेगळी.

आता बायोप्सी. तिने मेलॅनोमा पसरत नाही. उलट, तो कातडीत किती खोल गेलाय हे तिच्यातूनच कळतं आणि शस्त्रक्रिया त्यावरच ठरते : खोली एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची एक सेंटिमीटर निरोगी कातडी काढतात, दोनच्या वर असेल तर दोन सेंटिमीटर. ०.८ मिलिमीटरपुढे जवळची लसिका ग्रंथी, पायाच्या बाबतीत जांघेतली, तपासण्याचा विचार होतो. तोच तीळ कुठे लेझरने जाळून घेतलात तर मोजायला काही उरतच नाही. तेव्हा काढलेला तुकडा तपासणीला जातोय ना, हे तिथेच विचारा. तो फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) हवा, नळाच्या पाण्यात नव्हे, आणि बाटलीवर नावासोबत जागाही लिहिलेली हवी : पाय डावा की उजवा, बोट कुठलं.