ग्रह लांब सरकवला की भागलं?

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरत असतो: 'काल्पनिक जगाला हवा तो सूर्य द्या. निळा राक्षसी तारा असेल तर ग्रह लांब सरकवा, लाल खुजा (लहान, कमी तापलेला तारा) असेल तर दिवस रक्तासारखा रंगवा, हिरवा हवा तर हिरवा.'

तारा आपला, कबूल. पण हिशेब?

मृग नक्षत्रातला निळसर राजन्य तारा घ्या. सूर्याच्या साधारण १ लाख पट तेजस्वी, वजनाला वीसेक पट. पृथ्वीइतकीच ऊब हवी तर ग्रह आपल्यापेक्षा सुमारे ३१६ पट लांब न्यावा लागतो. इथवर सल्ला बरोबर. पण तिथलं एक वर्ष आपल्या साडेबाराशे वर्षांचं. म्हणजे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सगळे एकाच पावसाळ्यात जन्मून त्यातच गेले! शिवाय तारा जास्त तापलेला असल्याने तेवढ्या उबेला छोटी चकतीच पुरते. हा 'राक्षस' आपल्या सूर्याच्या पाव व्यासाचा दिसेल. मुखपृष्ठावरचा आभाळभर निळा गोळा तिथेच बाद.

तेही चालवून घेऊ. वयाचं काय? इतके वजनदार तारे जेमतेम कोटभर वर्षं जगतात, आणि पृथ्वी नुसती घडायलाच काही कोटी वर्षं लागली. तुमच्या राणीच्या सिंहासनाखालची जमीन थिजायच्या आत तारा फुटलेला असतो. ग्रह लांब नेऊन उष्णता कमी होते, ताऱ्याचं आयुष्य वाढत नाही. जास्त पांढरा, प्रखर सूर्य हवाच असेल तर वजन सव्वापटीवर थांबवा. काहीशे कोटी वर्षं हाताशी राहतात.

आता लाल. घरात जुना पिवळा बल्ब असेल तर लावा. त्याची तार २,७०० केल्विनच्या आसपास तापते. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा लाल खुजा साधारण ३,००० केल्विनचा, म्हणजे उजेड बल्बपेक्षा किंचित पांढराच. बल्बखाली जेवताना ताटातला भात रक्ताळलेला दिसतो का? खरी गंमत रंगात नाहीच. २०१६ मध्ये सापडलेला प्रॉक्सिमाचा ग्रह ११ दिवसांत प्रदक्षिणा घालतो; तिथून तारा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल, आणि ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असेल तर तो मावळणारही नाही. कथा इथे आहे, आणि लेखक बसलेत लाल रंग कालवत.

हिरव्याचं थोडक्यात. आपल्या सूर्याचा सर्वाधिक प्रकाश निळ्या-हिरव्या पट्ट्यातच पडतो, पण बाकीचे रंगही भरपूर असल्याने बेरीज पांढरी होते. ज्येष्ठा ताऱ्याचा जोडीदार दुर्बिणीतून हिरवट दिसतो खरा. तो शेजारच्या तांबूस ताऱ्याने डोळ्यांना दिलेला चकवा. हा चकवा मात्र कथेत बिनधास्त वापरा.