मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं होतं

हे वाक्य मी स्वतः वापरलेलं आहे, म्हणून आज त्याच्यावरच लिहिते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीचा वर्ग होता. नळावर पोरांची नेहमीची पाणीउडवी झाली आणि एका मुलाचा शर्ट चिंब भिजला. मावशी त्याला पुसायला घेऊन गेल्या आणि पाचच मिनिटांत मला बोलवायला आल्या. "बाई, पाठ बघा जरा." पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काही ताजे, काही जुने होऊन काळे पडलेले. मुलगा म्हणाला, पडलो. मावशी म्हणाल्या, "पडल्यावर असं सरळ रेषेत लागतं होय?"

मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावून समज दिली. वडील अगदी नम्र, हात जोडून बसलेले. त्यानंतर आठ दिवस मुलगा शाळेत आला नाही. आला तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर घरच्यांनी दाखला नेला. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, मी माझं काम केलं. आज कळतं की ज्याच्यावर संशय होता त्यालाच आम्ही सगळ्यात आधी सावध केलं. आणि पोराने शाळेत तोंड उघडलं असं त्याला वाटावं, याचीही सोय करून दिली.

आता कायद्याचं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्यातलं कलम 19 सांगतं की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा तसा होईल अशी ज्याला धास्ती आहे, अशा कोणीही ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. 'कोणीही' या शब्दात शिक्षक आले, तशाच मावशी, व्हॅनवाले काका, खिचडी शिजवणाऱ्या ताई, कारकूनही आले. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. गुन्हा हाताखालच्या माणसाने केला असेल आणि संस्थेचा प्रमुख गप्प बसला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की आपण सुटलो, असं यात कुठेही नाही. संस्थेच्या अध्यक्षांना फोन करणं म्हणजे पोलिसांना कळवणं नव्हे. पालकांची बैठक घेणं तर नव्हेच.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. बालवाडीतल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार, आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी, मग 20 ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरलेले लोक. आपल्याला आंदोलन आठवतं, आरोपीचं पुढे काय झालं तेही आठवतं. पण उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा शाळेने वेळेत का कळवलं नाही, हाही प्रश्न होता, आणि त्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावर गुन्हा नोंदवला गेला, हे किती स्टाफरूममध्ये बोललं गेलं? आमच्यात सीसीटीव्हीवर तासभर चर्चा झाली. कलम 19 वर शून्य मिनिटं.

त्याच्याही आधी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा केला होता. म्हणजे हे कलम कागदावरचं नाही.

"पण पुरावा कुठे आहे?" हा स्टाफरूममधला लाडका प्रश्न. अहो, पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. मुलाला चार जणांनी चार वेळा तेच विचारलं की ते घाबरतं, शब्द फिरवतं, आणि मग तपासात तेच त्याच्या विरोधात जातं. ऐकायचं, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि कळवायचं. खोटं निघालं तर? चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला त्याच कलमात संरक्षण आहे. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे ती मुद्दाम, आकसाने केलेल्या तक्रारीला.

या सक्तीबद्दल माझीही एक तक्रार आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपल्या मित्राबद्दल विश्वासाने काही सांगते, तेव्हाही हेच कलम लागतं. मग मुली सांगायच्याच बंद होतात. त्यावर वेगळा विचार व्हायला हवा, पण तो विषय मोठा आहे.

मला जास्त सलतं ते वेगळंच. त्या पट्ट्याच्या वळांना पॉक्सो लागत नाही. उपाशी, आजारी, घरात दिवसदिवस एकट्या सोडलेल्या मुलालाही लागत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 75 मध्ये मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला आणि जाणूनबुजून आबाळ करणाऱ्याला शिक्षा आहे. पण ते बघून गप्प राहिलेल्या शिक्षकाला पॉक्सोसारखी शिक्षा नाही. अशा मुलाला बालकल्याण समितीपुढे नेता येतं, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. 'येतो' एवढंच. 'करायलाच हवा' असं नाही. आणि जिथे सक्ती नाही तिथे आपण काय करतो, हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे खिचडी वाढणाऱ्या ताईंनी एकदा सहज सांगितलं, "ती दुसरीतली पोरगी सोमवारी तीनदा घेते, बाकीच्या दिवशी एकदाच." शनिवार दुपार ते सोमवार दुपार घरात काय शिजतं, याचा अंदाज त्या माऊलीने ताटावरून बांधला होता. मी रोज हजेरी घेत होते आणि मला दिसलं नव्हतं. त्या वेळी मात्र मी कानावर घालत बसले नाही, फोन केला. मुलीचं वय, शाळा, काय दिसलं, कधीपासून, एवढं शांतपणे सांगितलं. गरिबी आणि आबाळ यांत फरक असतो हे मलाही कळतं. तो फरक मी वर्गात बसून ठरवू शकत नव्हते, म्हणूनच फोन केला.

मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत आहे. निदान फलकावर तरी आहे. तिच्या बैठकीत मुलांना सगळ्यात जवळून बघणारी ही माणसं कधीच नसतात, म्हणून यंदा मी हट्टच धरला. शनिवारी बैठक आहे आणि कलम 19 मराठीत मोठ्याने वाचायचं ठरलंय. व्हॅनवाले काका येतो म्हणाले. मावशींनाही निरोप दिला.

"येते की," त्या म्हणाल्या. "चहा किती जणांचा टाकू?"