शून्य एरर, तरीही वाट चुकलेली

डॉक्युमेंटेशनमधल्या अंतर्गत लिंका तपासायचं काम रिलीजच्या आदल्या संध्याकाळी येतं, आणि ‘जरा नजर टाक’ एवढ्याच शब्दांत येतं. नजर टाकून लिंक ओळखता आली असती तर टीममध्ये टेस्टरऐवजी ज्योतिषी नेमले असते. बाहेरच्या साइटची लिंक तुटली तर निदान दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडता येतात. इथे लिंक आपली, पान आपलं आणि त्या पानाचं नाव बदलणाराही आपल्यातलाच.

त्यातल्या त्यात सर्व्हरच्या ४०४ या एरर कोडवर माझा जीव आहे. पान नसेल तर तो तोंडावर नाही म्हणतो. सिंगल-पेज ॲपवाल्या (एकच पान लोड करून आतला मजकूर ब्राउझरमध्येच बदलणाऱ्या) साइट मात्र अनेकदा कुठल्याही पत्त्याला २००, म्हणजे ‘सगळं ठीक’ असा कोड देतात आणि आत सुबक अक्षरांत ‘पान सापडले नाही’ लिहितात. लिंका तपासणारं टूल, म्हणजे चेकर, तिथून सगळं आलबेल असल्याचा दाखला घेऊन परततो. म्हणून आधी एक धादांत खोटा पत्ता ठोकून बघायचा. त्यालाही २०० आला, तर चेकर चालत्या साइटवर सोडू नये. बिल्डमधून (मूळ मजकुरापासून साइट तयार होते त्या पायरीतून) निघालेल्या एचटीएमएल फायलींवर चालवावा. लिची नावाच्या चेकरमध्ये त्यासाठी ऑफलाइन पर्याय आहे.

‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ याच्या मागे बरेचदा कॅपिटल अक्षर असतं. विंडोज आणि मॅकची नेहमीची फाइल सिस्टिम कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करत नाही. लिनक्स करते, आणि सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतो. शेवटचा स्लॅश हाही असाच उपद्व्यापी. ‘/गाइड/इन्स्टॉल’ या पानावरून ‘../एपीआय’ म्हटलं तर आपण ‘/एपीआय’ला पोचतो, तेच पान शेवटी स्लॅश लावून उघडलं तर ‘/गाइड/एपीआय’ला. लिंक तीच, पान तेच.

पण खरा छळ अँकरचा, म्हणजे पानातल्या ठरावीक भागाकडे नेणाऱ्या खुणेचा. पत्त्यात ती हॅशनंतर (#) येते. हा तुकडा ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. त्यामुळे अँकर मेला तरी सर्व्हर २०० देतो, आणि वाचकाला पानाच्या माथ्यावर गुपचूप सोडून दिलं जातं. पुढचं त्याचं त्यानं शोधायचं. डॉक्युमेंटेशनची साइट बनवणारी टूलही इथे मवाळ होतात. डॉक्युसॉरस तुटलेल्या लिंकेवर प्रॉडक्शन बिल्ड पाडतो, पण तुटलेल्या अँकरवर डीफॉल्टनं नुसती वॉर्निंग देतो. एमकेडॉक्सनं १.६ पासून अँकर तपासायला घेतले, मात्र तक्रार ‘इन्फो’ पातळीवर करतो. ती ‘वॉर्न’वर नेल्याशिवाय वॉर्निंगवर बिल्ड पाडणारा स्ट्रिक्ट मोडही ढिम्म हलत नाही. स्फिंक्सचा लिंकचेक तर मुख्यतः बाहेरच्या लिंका तपासतो. आतल्या क्रॉस-रेफरन्ससाठी निटपिकी (म्हणजे बारीकसारीक खोड काढणारा) मोड लावून वॉर्निंगचं एररमध्ये रूपांतर करावं लागतं. मोडचं हे नाव ज्यानं ठेवलं त्याला माणसांची पारख होती.

अँकर बहुधा शीर्षकातून आपोआप जन्मतो. कुणी शीर्षकातलं व्याकरण सुधारलं की अँकर गेला. पण तो गेलेला परवडतो, बदललेला नाही. एका पानावर ‘एक्झाम्पल’ शीर्षक तीनदा आलं तर गिटहब दुसऱ्याला -१ आणि तिसऱ्याला -२ अशी शेपटी लावतं. मध्येच चौथं घुसवलं की पुढचे सगळे एकेक घर सरकतात. लिंक जिवंत, चेकरचा आकडा शून्य, आणि डिलीटचं उदाहरण शोधणारा वाचक अपडेटच्या दारात. शीर्षकं मराठीत असली तर आणखी मजा. पायथन-मार्कडाउनमध्ये शीर्षकाचा अँकर बनवणारा मूळ स्लगिफाय आस्कीबाहेरची (म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या संचात नसलेली) अक्षरं टाकून देतो, म्हणून पूर्ण देवनागरी शीर्षकांचे अँकर _१, _२, _३ असे कैद्यांसारखे क्रमांक लावून उभे राहतात (आकडे अर्थात इंग्रजी). ज्या शीर्षकांकडे लिंका येतात त्यांना हातानं, रोमन लिपीत, कायमचा आयडी द्यावा. मग शीर्षकाला कितीही पावडर लावा.

एवढं करूनही लिंक योग्य जागी जाते का, हे चेकर सांगत नाही. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहून दोन रकाने काढावेत: डावीकडे लिंकचा मजकूर, उजवीकडे ती पोचते त्या भागाचं शीर्षक. मग ते माणसानं वाचावेत. वाचायला घेतलं की डावा रकाना असा निघतो: येथे, येथे, येथे क्लिक करा, येथे, वरीलप्रमाणे, येथे.