साहेब, इथं राडारोडा टाकू का?

आज सकाळी एका टेम्पोवाल्याने माझी बाग हा उकिरडा समजून गाडी रिव्हर्स घेतली. मी तेव्हा बागेतच उभा होतो. हातात झारी होती. म्हणजे गैरसमजाला तसा वाव नव्हता.

घराचं काम चार महिन्यांपूर्वी संपलं. "घर झालं, आता अंगण तेवढं राहिलंय," असं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. त्यातलं 'तेवढं' आता माझ्या अंगावर येतं. लॉन पंधरा दिवसांत वाळलं. जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, नकाशावर नद्या दाखवतात तशा. एकाने सांगितलं पाणी कमी पडतंय, दुसऱ्याने सांगितलं जास्त होतंय. मी दोघांचाही मान राखून एक दिवसाआड घालतो. म्हणून झारी.

"साहेब, जरा बाजूला होता का? आरशात नुसते तुम्हीच दिसताय."

"कशाला?"

"खाली करायचंय. राडारोडा. एकच खेप आहे."

"अहो, ही बाग आहे!"

त्याने इंजिन बंद केलं आणि उतरून आला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. लहान मुलाने काढलेलं चित्र सरळ कुठून धरायचं हे न कळलेला पाहुणा पाहतो तसं.

"कुठनं कुठवर?"

मी झारीने हद्द दाखवली.

"आणि हे मधलं?"

"लॉन."

"हां हां," तो म्हणाला. हा आवाज मी आजवर फक्त आजाऱ्याच्या खोलीबाहेर ऐकलाय.

मग त्याने चपलेच्या टाचेने जमीन ठोकली. ठक्क. दोन पावलं सरकून पुन्हा. ठक्क. चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. ती चाखून बघतो की काय, अशी मला धास्ती वाटली.

"वर चार बोटं लाल माती आहे साहेब. खाली सगळा आपलाच माल."

"आपला म्हणजे?"

"विटा, प्लास्टर, फरशी. थांबा, हे घर... तुमचं काम मध्ये चालू होतं ना? मी आलो होतो की इथं, उचलायला! तुमच्या कॉन्ट्रॅक्टरनंच बोलावलं आणि त्यानंच गेटवरून परत पाठवलं. म्हणला, राहू दे, सोय झाली."

सोय झाली! माझ्या बिलात 'राडारोडा वाहतूक, 4 खेपा' अशी स्वतंत्र ओळ आहे. खेपा झाल्या असतील, नाही म्हणत नाही. न्हाणीघरापासून अंगणापर्यंत.

आता सगळं उलगडलं. सिमेंटात चुना असतो. ओल्या सिमेंटचा सामू (pH, आम्लता-अल्कता मोजायचा आकडा) 12च्या वर जातो. जास्वंदीला लागतो 6 ते 7. चुन्याने माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणून पानं पिवळी, शिरा हिरव्या. पाण्याचा निचरा पाहायला मी लहानसा खड्डा करून पाण्याने भरला होता. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच. चिकण माती असेल म्हटलं. खाली न्हाणीघराची फरशी असेल, असं कुठल्या शहाण्याच्या मनात येतं? अंगणाचा उतार घरापासून बाहेर हवा, हे मीसुद्धा जाणतो. आमचा बाहेरून घराकडे आहे. भराव टाकणाऱ्याला सपाट करायला कुठून वेळ असणार?

खरं सांगायचं तर चूक माझीही आहे. स्वयंपाकघरातल्या बटणांच्या रंगावर आम्ही तीन रविवार घालवले. काम चालू असताना अंगणाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिथे फक्त वाळू, सळया आणि कॉन्ट्रॅक्टरची मोटरसायकल उभी असायची. तीच मोटरसायकल हवी तेव्हा कशी दिसायची! आता फोन केला की साहेब मीटिंगमध्ये असतात. विटांशी मीटिंग असेल.

या जमिनीत एकच गोष्ट जोमाने येते, लव्हाळा. उपटला की वरची पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. कुदळ मारली तर गाठींची साखळी तुटते आणि एकाचे चार होतात. महापुरात लव्हाळे वाचतात याचं आपण उगाच कौतुक करतो. ते माझ्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखालीही वाचलेत.

"मग टाकू का एक खेप?" टेम्पोवाल्याने शेवटचं विचारलं. "तसंही आता..."

मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं नाही. जाताना खिडकीतून ओरडला, "उचलायचं असेल तरी सांगा! टाकायला येतो तसा उचलायलाही येतो." दिवसभरात माझ्याशी सरळ बोललेला हा एकमेव माणूस.

दुपारी पहार घेऊन लॉन उकरलं. तिसऱ्या घावाला ठणठण झालं. बाहेर आला जुन्या न्हाणीघरातला पितळी नळ.

आई धावत आली. "तरी म्हटलं, हा गेला कुठे!" असं म्हणून तिने तो पदराने पुसला. चार महिन्यांत या बागेवर कुणी खूश झालं असेल तर ती पहिल्यांदा.

नळाच्या तोंडातून लव्हाळ्याची दोन हिरवीगार पाती बाहेर आली होती.