मामांची माळ आणि पुण्याचं रक्त

मोहोळच्या मामांनी परवा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "काय रे, आता माळ उतरवू का काय?" मामा तीस वर्षांचे माळकरी. मेसेजचा मथळा असा : 'अमेरिकेत सिद्ध झालं! पिढ्यानपिढ्या शाकाहार केल्याने डीएनए बिघडतो, कॅन्सर आणि हृदयविकार होतो.' सोलापुरातल्या आमच्या दोन ग्रुपांवर तो आधीच फिरून गेला होता.

संशोधन खोटं नाही. २०१६ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी ते छापलं, आणि त्यातले शाकाहारी आपल्याच पुण्याचे होते : २३४ जण. तुलनेला अमेरिकेतल्या कॅन्ससचे ३११. तपासला तो एफएडीएस२ नावाचा जीन, अकराव्या गुणसूत्रावरचा.

'डीएनए बिघडतो.' बिघडलेलं काहीच नाही. काही लोकांच्या या जीनमध्ये डीएनएच्या २२ अक्षरांचा एक जादा तुकडा असतो आणि त्याने जीनचं काम वाढतं. जीन जे एन्झाइम बनवतो ते शेंगदाण्यातलं, करडईतलं लिनोलेइक आम्ल घेऊन अ‍ॅराकिडोनिक आम्लाकडे जाणारी पहिली पायरी चढवतं. मेंदूला, पेशींच्या आवरणांना अ‍ॅराकिडोनिक लागतं. मटण-अंडी खाणाऱ्याला ते आयतं मिळतं, माळकऱ्याला घरी बनवावं लागतं. आई आणि वडील दोघांकडून हा तुकडा मिळालेले पुण्यात ६८ टक्के निघाले, कॅन्ससमध्ये १८. म्हणजे ही सोय आहे, खोट नव्हे.

शिवाय तुकडा खाण्यामुळे तयार होत नाही. तो फार जुना आहे. आफ्रिकेतही निम्म्याहून जास्त लोकांत दोन्हीकडून आलेला सापडतो, आणि ते काही वारकरी नाहीत. धान्यावर जगणाऱ्यांत ज्यांच्याकडे तो होता त्यांचं बरं निभावलं, म्हणून हजारो वर्षांत आपल्याकडे त्याचं प्रमाण वाढलं असावं, असा संशोधकांचा निष्कर्ष. मामांनी माळ घातली म्हणून तो आला नाही, उतरवली म्हणून जाणारही नाही.

'कॅन्सर होतो हे सिद्ध.' या अभ्यासात कॅन्सर कुणाला झाला हे मोजलेलंच नाही. जीन पाहिला, रक्तातली मेदाम्लं पाहिली, बस. अ‍ॅराकिडोनिकपासून शरीरात दाह वाढवणारे पदार्थ बनतात, म्हणून ते फार झालं तर धोका वाढू शकेल, एवढी शंका मांडली होती. 'शकेल'चं 'सिद्ध' मथळेवाल्यांनी केलं.

मेसेज ज्यावर गप्प आहे ते तेल. करडईच्या नेहमीच्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलेइक असतं. एन्झाइम चपळ आणि कच्चा माल भरपूर, म्हणून कमी लिनोलेइकचं, ऑलिव्हसारखं तेल वापरा, असं संशोधकांनी सुचवलं. मला हे घाईचं वाटतं. लिनोलेइक वाढवलं तरी रक्तातलं अ‍ॅराकिडोनिक फारसं हलत नाही, असं माणसांवरच्या बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. अर्थात ते बहुतेक पाश्चात्त्य लोकांवरचे. तेव्हा उद्या 'करडई म्हणजे विष' असा मेसेज आला तर तोही पुढे ढकलू नका.

खरी अडचण वेगळी. हेच एन्झाइम ओमेगा-३ नावाच्या मेदाम्लांवरही काम करतं, म्हणजे लिनोलेइक आणि ओमेगा-३ एकाच रांगेत उभी. शेंगदाणा आणि करडईत ओमेगा-३ जवळपास नाहीच, त्यामुळे रांग सगळी लिनोलेइकने भरलेली. जवसाच्या तेलात मात्र निम्मं किंवा जास्तच ओमेगा-३ असतं. (जवस म्हणजे मासळीची बरोबरी, हेही खरं नाही : मेंदूला लागणाऱ्या डीएचए या ओमेगा-३ आम्लापर्यंत त्यातलं फारच थोडं पोचतं.)

मामांना एवढं सगळं लिहिलं नाही. "माळ राहू द्या, ऑलिव्ह नको, भाकरीबरोबर जवसाची चटणी खा," एवढंच कळवलं.

उत्तर आलं : "तुझी मामी करून ठेवती की. पण शेंगाचटणी समोर असताना जवसाला कोण हात लावतंय?"