तो सांधा कोणाच्या हद्दीत येतो?

आज सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा परिषदेतला. मंचावर सुटाबुटातले चार-पाच जण, मागं काचेच्या इमारतींचं चित्र, आणि मधले गृहस्थ ठासून सांगतायत की वाढती शहरं सांभाळणं आता सरकारच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही; पाणी, कचरा, दिवे, पार्किंग सगळं खासगी भागीदारीत द्या आणि मग बघा. खाली भराभर अंगठे. त्यात आमच्याच गल्लीतले लोक! गळक्या पाइपासमोर माझ्याबरोबर उभं राहून ज्यांनी शिव्या घातल्या, तेच. इतक्या लवकर विसरता कसं हो?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या फाटकाबाहेर रस्त्याखाली पाण्याचा पाइप फुटला. फुटला म्हणजे दोन पाइप जिथं जोडलेत तो सांधाच सुटला. अलीकडची मोठी वाहिनी महापालिकेची, तिथून पुढं घरोघरी पाणी पोचवायचं काम पालिकेनं करार करून एका खासगी कंपनीकडं दिलेलं. पालिकेला फोन केला तर 'ते कंपनीला दिलंय'. कंपनीच्या कॉल सेंटरवरची मुलगी गोड बोलली, तक्रार क्रमांक दिला, आणि संध्याकाळी एक पोरगा टॅबलेट घेऊन हजर. फोटो काढले, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, 'मॅडम, हा सांधा आमच्या स्कोपमध्ये येत नाही.' मग पालिकेचे कनिष्ठ अभियंता आले. त्यांच्या मते सांधा शंभर टक्के कंपनीचा. दोघं माझ्यासमोर उभे, शेजारून पिण्याचं पाणी गटारात चाललंय, आणि वाद कशावरून, तर कराराच्या कुठल्याशा परिशिष्टात एक नकाशा आहे आणि त्यात हद्द दाखवलीय. तो नकाशा दोघांकडंही नव्हता.

मी म्हटलं, ठीक, मी मिळवते. रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: व्यावसायिक गोपनीयतेमुळे देता येत नाही. पाणी मी पिते, बिल मी भरते, खड्डा माझ्या दारात, आणि कागद मात्र माझ्यापासून गुपित! हे टाइप करतानाही डोकं फिरतंय.

आणि हे फक्त आपल्याच नशिबी आहे असं समजू नका. बर्लिनसारख्या शहरानं १९९९ साली आपल्या पाणी कंपनीतला ४९.९ टक्के वाटा खासगी कंपन्यांना विकला. करार गुप्त. त्यात भागीदारांच्या नफ्याची हमी होती, पाण्याचे दर वाढत गेले, आणि लोकांनी कारण विचारलं की दाखवायला कागद नाही. शेवटी तिथल्या नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सार्वमत घडवून आणलं. मागणी काय होती? खासगीकरण रद्द करा, अशी नव्हती. करार उघड करा, एवढीच. साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी 'हो' म्हणून मत दिलं. पुढं २०१३ पर्यंत शहरानं तो वाटा परत विकत घेतला, पण मला त्या निकालापेक्षा मागणीचं कौतुक जास्त वाटतं. लोक नुसता एक कागद वाचायला मिळावा म्हणून मतदानाला गेले. आणि इथं आपण व्हिडिओला अंगठा देतो.

शिकागोचं तर विचारूच नका. २००८ मध्ये त्या शहरानं रस्त्यावरचे सुमारे ३६,००० पार्किंग मीटर, म्हणजे गाडी लावायचे पैसे घेणारी यंत्रं, एका खासगी गटाला दिले. ७५ वर्षांसाठी! बदल्यात एकरकमी ११५ कोटी डॉलर. नगरसभेपुढं प्रस्ताव आला आणि दोन-तीन दिवसांत मंजूर. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी हिशेब मांडला की किंमत सुमारे ९७ कोटी डॉलरनं कमी घेतली. आलेला बराचसा पैसा दोन-तीन वर्षांत उडाला, करार मात्र २०८३ पर्यंत चालणार. कोणत्या रस्त्यावर जत्रा भरवायची, दुरुस्तीसाठी कुठला रस्ता बंद ठेवायचा, हे ठरवताना शहराला मीटरच्या बुडालेल्या कमाईची भरपाई त्या गटाला मोजावी लागते. म्हणजे आपल्याच रस्त्याचं आपणच भाडं भरायचं. आपण साधं घर भाड्यानं देतो तरी भाडेकरूची दहा ठिकाणी चौकशी करतो, करारातली ओळ न् ओळ वाचतो. आणि इथं अख्खं शहर पणतवंडांच्या काळापर्यंत देऊन टाकलं, तेही दोन-तीन दिवसांत. सही करणाऱ्यांपैकी २०८३ साली जाब द्यायला कोण असणार आहे?

आता कोणीतरी म्हणेल, 'मग काय सगळं पालिकेकडंच ठेवायचं? पालिकेचं काम बघितलंय का?' बघितलंय. मान्य, कंपनी यायच्या आधी तक्रारीचा फोन वाजत राहायचा आणि कोणी उचलायचं नाही. कॉल सेंटरवरच्या त्या मुलीनं निदान माझं ऐकून तरी घेतलं.

आणि फिलिपिन्सच्या राजधानीचं, मनिलाचं, उदाहरण मला आवडत नसलं तरी सांगायला हवं. १९९७ मध्ये त्या महानगराचं पाणी दोन तुकडे करून दोन खासगी कंपन्यांना दिलं, पूर्व आणि पश्चिम. त्याआधी निम्म्याहून जास्त पाणी गळतीत आणि चोरीत जात होतं. पूर्वेकडच्या कंपनीनं पुढच्या दीड-दोन दशकांत ते प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आणलं. झालं ना? खासगी म्हणजे वाईट असं मी म्हणतच नाहीये. पण पश्चिमेकडची कंपनी काही वर्षांत दिवाळखोरीत गेली. शहर एक, नियामक एक, कामाला सुरुवातही एकाच दिवशी. वेगळं काय होतं? जुन्या सरकारी संस्थेच्या परकीय कर्जाचा जवळजवळ ९० टक्के बोजा करारात पश्चिमेकडच्या कंपनीच्या माथी मारलेला होता, आणि काम सुरू होतानाच आशियातलं चलन संकट आलं. कर्ज डॉलरमध्ये, लोकांची बिलं पेसोत. बुडायला आणखी काय लागतं? पश्चिमेच्या कंपनीच्या हातूनही चुका झाल्या असतील, पण कर्जवाटपाचं ते एक कलम मनिलाच्या अर्ध्या भागाला किती वर्षं महागात पडलं बघा. म्हणून मी सारखी विचारते की कलमं लिहिली कोणी, आणि आपल्या बाजूनं ती वाचली कोणी.

आमच्या सांध्याचंही तेच तर आहे. तो नकाशा ज्यांनी कोणी काढला ते एसी खोलीत बसले होते. पालिकेचा एक चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा माणूस, जरी त्यांनी सोबत बसवला असता, तरी त्यानं विचारलं असतं, 'साहेब, हा जोड कोणाकडं धरायचा?'

त्या पोराचं, टॅबलेटवाल्याचं, थोडं सांगते. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याच्यावर जाम भडकले. आख्ख्या गल्लीसमोर बोलले. तो ऐकून घेत राहिला. नंतर पाणी प्यायला थांबला तेव्हा कळलं की तो कंपनीचा माणूसही नाही. कंपनीनं ते काम पुढं एका पोटठेकेदाराला दिलंय, त्यानं या पोरांना कंत्राटावर घेतलंय, आणि 'स्कोप'बाहेर पाना लावला तर पैसे पगारातून कापतात. पाना होता त्याच्या पिशवीत! सांधा आवळायला फार तर अर्धा तास लागला असता. त्याला आवळायचा होताही. मला नंतर कसंतरीच झालं. आपला सगळा राग झेलायला तिथं ठेवलेला माणूस तो, आणि सगळ्यात कमी अधिकार त्यालाच.

शेवटी सांधा कोणी आवळला? पालिकेतून निवृत्त झालेल्या चावीवाल्या काकांनी. त्यांना घरून बोलावून आणलं. व्हॉल्व्ह कुठं पुरला गेलाय हे ना कंपनीच्या नकाशात होतं ना अभियंता साहेबांना ठाऊक होतं. काकांनी रस्त्यावर चार पावलं मोजली, कुदळीनं दाखवलं, 'इथं खणा'. तिथंच निघाला. पैसे घेतले नाहीत. 'ताई, ही लाइन मीच टाकलीय,' म्हणाले. त्यांच्या जागी पालिकेनं कोणालाही भरलेलं नाही, कारण काम 'दिलंय' ना!

यावर कोणी बोलत नाही म्हणून माझा संताप होतो. काम बाहेर दिलं की पालिका आपली माणसंही कमी करते. मग कंपनीनं बिल लावलं की ते बरोबर आहे का हे तपासणार कोण? खड्डा खरंच तेवढा खणला का, पाइप करारातल्याच दर्जाचा टाकला का, हे बघायला पाइप हाताळलेला माणूस लागतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत असलाच प्रकार मोठ्या पैशांत झाला. २००३ मध्ये तीस-तीस वर्षांचे देखभालीचे करार केले, त्यातली मोठा हिस्सा घेणारी मेट्रोनेट कंपनी २००७ मध्ये कोसळली. तिचे भागधारकच तिच्याकडून कामं घेणारे पुरवठादार होते, म्हणजे खर्च वाढला तर हरकत घेणार कोण? तिचं कर्ज निस्तरायला सरकारला सुमारे १७० कोटी पौंड द्यावे लागले. नफा वाटून घ्यायची भागीदारी, तोट्याच्या वेळी मात्र भागीदार गायब. असो.

पुढच्या आठवड्यात प्रभाग कार्यालयात बैठक आहे. मी जातेय. कराराची प्रत मागणार आहे, परिशिष्टं आणि नकाशासकट, आणि चावीवाल्याच्या रिकाम्या जागेचंही विचारणार आहे. काका यायला तयार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा, म्हणजे एकत्र निघू. आणि 'सरकारी तरी कुठं चांगलं असतं' असं लिहायला हात शिवशिवत असतील त्यांनी आधी वरचा मनिलाचा परिच्छेद वाचा, मग लिहा.