खर्जाची तार सुटी मिळेल का?

दादरच्या त्या दुकानात बास गिटारच्या, म्हणजे खर्जात वाजणाऱ्या चार तारांच्या गिटारच्या, तारा मागितल्या, तर फोन कानाला लावलेल्या पोरानं गिटारचं सहा तारांचं पाकीट काउंटरवर आपटलं. म्हणे, "ह्यातल्या जाडवाल्या चार लावा ना सर." अरे बाबा, गिटारच्या नेहमीच्या सेटमधली सगळ्यात जाड तार ४६ची, म्हणजे इंचाचे ४६ हजारांश. बासच्या नेहमीच्या सेटमधली सगळ्यात बारीक तार ४५ची आणि जाड १०५ची, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या जवळपास! "चिडू नका सर," तो म्हणाला. तोवर मी चिडलो नव्हतो.

शेजारी एक काका तंबोऱ्याच्या तारा घ्यायला आले होते.

"कसल्या तारा रे?"

"बासच्या, काका."

"किती?"

"चार."

"आमच्याही चारच. मग भांडतोस कशाला? खर्जाची पितळेची घे, बाकीच्या पोलादी. षड्ज कुठे धरतोस?"

"गाणारा सांगेल तिथे."

ही नोकरी काकांना हलकी वाटली असावी. "बरं, पंचम तरी आहे का?"

"नाही. ई, ए, डी, जी. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर."

"म्हणजे मध्यमाचा तंबोरा!" काका खुलले. "मालकंसाला चालेल. आणि करकर येते का?"

आता विषय माझ्या जिव्हाळ्याचा. म्हटलं, येते. जाड काढून हलक्या तारा लावल्या की ताण कमी होतो, बासची मान (दांडी) मागे जाते आणि तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटतात. मग ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, पाव फेरी सैल करायचा, मान स्थिरावू द्यायची आणि पुन्हा बघायचं.

"वेडा आहेस. ती जवारी आहे, तंबोऱ्याचा गुंजणारा झंकार. लोक पैसे देऊन काढून घेतात. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकव."

यावर तो पोरगा हसला. फोन ठेवून हसला! माझ्यासाठी ठेवला नव्हता.

बरं, तारेखाली काहीतरी सारण्याची कल्पना बासवाल्यांना नवी नाही. फेंडर कंपनीच्या जुन्या बासवर ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या, झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असायचा, पण तो नाद मारायला. काका नाद वाढवायला निघाले होते. तारा वर्षानुवर्षं न बदलण्यातही ते एकटे नाहीत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणतात. पण त्याच्या तारा फ्लॅटवाउंड होत्या, वरून चपट्या पट्टीच्या गुंडाळीच्या. त्या जुन्या झाल्या की आणखी गोड, ठम्म वाजतात.

आपल्याकडे बहुतेकांना राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेच्या गुंडाळीच्या, हव्या असतात, कारण त्यांचा आवाज खणखणीत. पण गोल तारेच्या वेढ्यांमधल्या खाचांत घाम आणि मळ जाऊन बसतो. मुंबईच्या जुलैत तो खणखणाट किती टिकणार? वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं तारा खालूनही पुसाव्यात, नाहीतर सरळ फ्लॅट लावाव्यात. हातांना फार घाम येत असेल तर लेप दिलेल्या घ्या, महाग पडल्या तरी.

आणि पाकिटावर स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, वाचाच. नेहमीचा बास ३४ इंची. ३० इंची शॉर्ट स्केलचा सेट त्याला लावला, तर ईच्या तारेचं निमुळतं टोक नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाकडच्या खाचांच्या पट्टीच्या, अलीकडेच येतं, नाहीतर तार खुंटीपर्यंत पोचतच नाही. तार कापताना खुंटीच्या पुढे वेढ्यांपुरती लांबी सोडून आधी काटकोनात वाकवायची, मगच कापायची. न वाकवता कापली तर वरची गुंडाळी सैल होते आणि तार मेल्यासारखी वाजते. मग दुसरी सुटी तार शोधत फिरा. सुटी कोणी देत नाही. पाच तारांच्या बासची १३०ची बी तर विचारूच नका. भिंतभर गिटारच्या तारा लावतात आणि बासचं खातं खालच्या कप्प्यात, ट्यूनरच्या सेलांमागे!

शेवटी त्या कप्प्यातून ४० ते १००चं पाकीट निघालं. "घ्या सर, पाचाचाच फरक आहे."

पाचाचाच! म्हणजे पुन्हा ट्रस रॉड, तारांची उंची आणि ब्रिजवरचं इंटोनेशन, म्हणजे मानेभर सूर बरोबर लागणं. शिवाय १०५साठी कोरलेल्या नटच्या खाचेत १००ची तार ढिली बसणार. हे त्याला समजावतोय तोवर त्यानं बिल फाडलं. पाकीट उघडलं की परत नाही, असा शिक्काही मारला. काकांना सुताचा दोरा मात्र फुकट दिला.